आई, या वेळी झाकण लावलं नाही

आई, गाडीला कांद्याचा वास लागला आहे. सीटला, सीटबेल्टला, मागे पडलेल्या तुमच्या केतकीच्या मफलरलासुद्धा. आज सोमवार. सकाळी ऑफिसला जाताना नेहमीप्रमाणे ग्रेगला त्याच्या घराजवळ घेतलं. तो बसला, दार लावलं, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "व्हो! अनियन्स?"

मी म्हणालो, "येस. माय मदर-इन-लॉज."

आणि काच खाली केली नाही. उलट हीटर एका घरानं वाढवला.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला सांगण्यासारखी ही पहिलीच बातमी आहे, म्हणून लिहायला बसलो. पण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मिलिंदराव, पेशंटनं मधूनच सुरुवात केली की निदान चुकतं. पहिल्यापासून सांगा." निफाडकडच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होतात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीची केस हिस्टरी लागायची तुम्हाला. ठीक आहे, पहिल्यापासून सांगतो.

बाबा गेल्यावर तुम्ही आमच्याकडे कॅनडात, किचनरला आलात, त्या पहिल्या पानगळीत आम्ही तुम्हाला शनिवारच्या शेतकरी बाजारात नेलं होतं. तुम्हाला काहीच आवडत नव्हतं. भोपळे पाहून "एवढे मोठे कशाला?" म्हणालात. कांदा हातात घेऊन वास घेतलात आणि परत ठेवलात. "गोड आहे म्हणे. मग सफरचंद घेतो ना माणूस." कांद्याच्या मुलखातली बाई, तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला, कारण मी पुण्याचा.

मग तो स्टॉल आला. पांढरी टोपी, गडद निळा झगा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या अशी एक आमिश, म्हणजे वीज-मोटारींशिवाय जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, बाई लोखंडी तव्यात कांद्याचे चपटे, तांबूस वडे तळत होती. पाटीवर 'अनियन फ्रिटर्स' लिहिलं होतं. मी मोठ्या तोंडानं म्हणालो, "आई, कांदाभजी!" तुम्ही एक घेतलंत, मोडलंत, खाल्लंत आणि कॅनडात आल्यापासून पहिल्यांदा गप्प झालात.  मग म्हणालात, "ही भजी नाहीत."

"मग काय आहे?"

"ते शोधावं लागेल."

तिचं नाव लीडिया. तुम्ही तिला तोंडावर 'टोपीवाली' म्हणायचात आणि ती तुम्हाला 'ग्रँडमा'. वयानं ती तुमच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल नसेल. तुमचं इंग्रजी दवाखान्यापुरतं होतं आणि तेवढंच तुम्ही इथेही वापरलंत. तिला पहिला प्रश्न केलात, "सिन्स व्हेन यू कुक?" ती म्हणाली, "सिन्स आय वॉज टेन." तुम्ही मान डोलावलीत, "गुड, गुड," जसं काही तिचं बीपी नॉर्मल आलं आहे. मग माझ्याकडे बोट करून म्हणालात, "धिस माय जावई. ड्रायव्हर."

मी लीडियाला समजावू लागलो की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्या हाताखाली आठ माणसं आहेत. तुम्ही मला थांबवलंत. "अहो, तिला कशाला सांगता? तिच्या घरात वीज नाही."

पुढचं वर्षभर तुम्ही दर शनिवारी त्या तव्यासमोर उभ्या राहून बघत होतात. तिनं काही लपवलं नाही. मैदा, थोडी साखर, बेकिंग पावडर, मीठ, मक्याचं जाडसर पीठ, थंडगार दूध आणि बारीक चिरलेला कांदा. पण तुम्ही आणि मी दोघंही कांदाभजीची माणसं. आपला हात आधी कांद्याला मीठ चोळतो, पाणी सुटू देतो आणि मग पीठ. तेच केलं. वरून मी मक्याचं पीठ आणायला गेलो आणि आपल्याकडे ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात ते पांढरं खळीसारखं पीठ घेऊन आलो. पहिल्या खेपेला जे तळलं गेलं त्यानं बूट पुसता आले असते. शेवटी लीडियानंच तिच्या डब्यातलं पिवळं, रवाळ पीठ कागदी पिशवीत घालून तुमच्या हातात दिलं. आणि मिठाचं तुमचं तुम्हीच शोधलंत. एका संध्याकाळी गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीसमोर उभ्या राहून, अंगावर माझं जुनं जॅकेट घालून तुम्ही जाहीर केलंत, "इथे कांदा रडवायचा नाही. चिरायचा, कोरडा टिपायचा, मीठ पिठात घालायचं, आणि लगेच तेलात."

गॅरेजमध्ये, कारण घरात तळलं की स्मोक अलार्म बोंबलायचा. आणि तळायच्या आधी मी सगळे कोट वरच्या खोलीत नेऊन दार लावून यायचो. ते तुम्ही बघत होतात. 

मधल्या हिवाळ्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, आज बोलतो. माझी नोकरी गेली होती. पाच महिने. केतकी कामावर जायची आणि मी बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून अप्लाय करत बसायचो. दुपारनंतर तर नुसताच बसायचो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की काही जमतंय का. कुणाला फोनवर सांगितलंही नाहीत. फक्त दर दोन दिवसांनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक यायची, "ड्रायव्हर मोकळा आहे का?" कधी ग्रोसरी, कधी फार्मसी, कधी नुसतं लायब्ररीपर्यंत. शनिवारी बाजार ठरलेलाच. मी चरफडत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचो, गाडी गरम करायचो आणि तुम्हाला घेऊन निघायचो. मला वाटायचं, म्हातारीला घरात बसवत नाही. फार उशिरा लक्षात आलं की तुम्हाला कुठेच जायचं नसायचं. त्या पाच महिन्यांत माझ्याकडे एकच काम होतं आणि ते तुम्ही दिलेलं होतं.

वसंतात नवी नोकरी लागली. वॉटर्लूला ऑफिस आणि वाटेत ग्रेगला घेऊन जायचं. पुढच्या जानेवारीत एका शनिवारी आपण लीडियाकडून डझनभर फ्रिटर आणली, कागदी पिशवीत, तुमच्या मांडीवर. सोमवारी ग्रेग गाडीत बसला आणि हसत म्हणाला, "समबडी हॅड टेकआउट!" आणि त्यानं काच दोन बोटं खाली केली. बस, एवढंच. त्याच्या मनात काहीही नव्हतं. तो आजही विसरला असेल. पण बाहेर उणे पंधरा होतं आणि त्या दोन बोटांच्या फटीतून आलेला वारा मला जो लागला, तो तीन वर्षं गेला नाही. नवी नोकरी, नवी माणसं, आणि आपल्या गाडीला वास येतो. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन गाडीत टांगायचं ते सुगंधी कागदी झाड विकत घेतलं.

आणि नेमकं त्यानंतरच्याच वसंतात तुमचं फ्रिटर जमलं! गॅरेजमध्ये तुम्ही ते मोडलंत आणि असा आवाज आला की केतकी आतून बाहेर आली. "उद्याच टोपीवालीला नेऊन दाखवायचं," तुम्ही म्हणालात. मी लगेच पुढे झालो. "मी पॅक करतो, आई." स्टीलचा डबा, चारही बाजूंनी कड्या असलेला. आत फॉइल. वर फॉइल. झाकण घट्ट. मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि डबा डिकीत.

"एवढं कशाला?" तुम्ही विचारलंत.

"गरम राहतील," मी म्हणालो.

लीडियानं एक फ्रिटर उचललं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. काही आवाज नाही. तिनं कोपऱ्याचा एवढासा तुकडा चाखला, उरलेलं हळूच झाकणावर परत ठेवलं आणि फार प्रेमानं म्हणाली, "गुड फ्लेवर, ग्रँडमा. नो क्रंच." खोटं बोलायचं नाही हा त्या बाईचा धर्म, आणि मऊ पडलेलं फ्रिटर खायचं नाही हाही असावा. परत येताना हायवेच्या एक्झिटपर्यंत तुम्ही डब्याच्या कड्या उघडत-लावत बसलात. मग म्हणालात, "ज्या दिवशी ही बाई माझं अख्खं फ्रिटर खाईल, त्या दिवशी मी ह्या देशात आले असं समजेन."

त्यानंतर तीन उन्हाळे. मी एक्सेल शीट केली. दुधाचं प्रमाण, तेलाचं तापमान, कांद्याची जात. तुम्ही त्या शीटला 'तुमचा पंचनामा' म्हणायचात. मी तांदळाचं पीठ सुचवलं, तुम्ही नाही म्हणालात. मी साखर काढा म्हणालो, तुम्ही मुद्दाम अर्धा चमचा जास्त घातलीत. साखरेचं मला अजूनही पटलेलं नाही, आई, तो वाद माझ्याकडून चालू आहे असं समजा. अहो-जाहो करत आपण जेवढं भांडलो तेवढं लोक अरे-तुरे करत भांडत नाहीत. "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे जावईबापू, फक्त ते चुकीचं आहे," हे तुमचं वाक्य मी आता मीटिंगमध्ये वापरतो.

आणि तुमचा मुद्दा पहिल्या दिवसापासून एकच होता. "पेशंट घरून निघताना ठणठणीत होता. दारात उतरवला तेव्हा गेलेला. मग चौकशी कुणाची करायची? डॉक्टरची की अँब्युलन्सची?"

"बॅटरमध्ये मॉइश्चर आहे, आई," मी म्हणायचो. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणारा माणूस मी. लीडियाची फ्रिटर उघड्या पिशवीतून घरी येईपर्यंत खुटखुटीत राहतात आणि आपली कड्यांच्या डब्यात वाफेनं मरतात, हे मला दिसत नव्हतं असं तुम्हाला वाटलं? पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. मी पाहायचं नाही असं ठरवलं होतं. एका माणसानं दोन बोटं काच खाली केली होती, त्यापायी.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेण्याआधीच्या शनिवारी, बाजारातून परत येताना, तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसला होतात. आत दहा फ्रिटर आणि दोन अर्धी. तुम्ही समोर बघत म्हणालात, "मिलिंदराव, एकदा झाकण उघडं ठेवून नेऊ या का?"

मी म्हणालो, "गार होतील, आई."

"हो," तुम्ही म्हणालात. "ते पण खरंच."

आपलं त्यावर शेवटचं बोलणं ते. नंतर हॉस्पिटलमध्ये औषधांचं बोललो, इन्शुरन्सचं बोललो, नर्सनं सुई नीट टोचली नाही यावर तुम्ही सविस्तर बोललात. हे राहिलं.

तेराव्याला माणसं आली, जेवली, गेली. लेकीला सुतक तीन दिवसांचंच, पण तेरा दिवस घरात कढई चढवायची नाही हे केतकीनं पाळलं होतं. संध्याकाळी ती भांडी जागेवर लावत होती. तो कड्यांचा डबा तिच्या हातात आला आणि मला राहवलं नाही. मी तिला सांगून टाकलं. ग्रेगचं, काचेचं, दोन पिशव्यांचं, सगळं. म्हटलं, तुझ्या आईला मी तीन वर्षं हरवत ठेवलं.

ती डबा पुसत राहिली. म्हणाली, "आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वासाचं. मीच एकदा तिला म्हटलं, मी मिलिंदला सांगते, झाकण नको लावू म्हणून. तर म्हणाली, अजिबात सांगायचं नाही. त्याच्या गाडीत ऑफिसची माणसं बसतात. नवीन नोकरी आहे, त्याला कुणी काही बोललेलं मला चालणार नाही. माझं काय, मी पुढच्या शनिवारी परत तळीन."

आई, मी खाली बेसमेंटमध्ये जाऊन रडलो. त्याच खुर्चीत. वरून कुणी हाक मारली नाही.

तुम्ही दर शनिवारी कांदा चिरलात, तळलंत, मला डबा भरू दिलात, त्या बाईसमोर उभं राहून "नो क्रंच" ऐकलंत आणि परत आलात. शंभरेक वेळा तरी. माहीत असून. मी आयुष्यात कुणासाठी एवढं हरलो नाही. तुमची माफी मागायला हवी होती, ती आता मागतो. पण नुसती माफी तुम्ही घेतली नसतीत. "सॉरी म्हणून ताप उतरतो का?" असं विचारलं असतंत. म्हणून परवाच्या शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये शेगडी लावली.

पंचनामा उघडला नाही. तुमचंच माप, तुमचाच कप, साखरही तुमचीच, अर्धा चमचा जास्तीसकट. कांदा चिरला, टिपला. हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला, तर केतकी दारातून म्हणाली, "आई बघतेय." हात मागे घेतला. दूध फ्रीजमधून अगदी शेवटी काढलं. चमच्यानं तेलात सोडलं, चमच्याच्या पाठीनं चपटं केलं, कडा तांबूस होईपर्यंत हलवलं नाही. गॅरेजचं दार पूर्ण उघडं होतं. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ वितळत होता आणि समोरच्या घरातला म्हातारा कुत्र्याला फिरवता फिरवता थांबून म्हणाला, "स्मेल्स अमेझिंग!" मी त्याला दोन दिली. कोट सगळे खालीच, खुंटीवर होते.

केक गार करायची जाळी घेतली, तिच्यावर अकरा फ्रिटर मांडली. वर कागद नाही, फडकं नाही, काही नाही. केतकी पुढच्या सीटवर बसली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर जाळी. मी खिडक्या बंद ठेवल्या. मग वाफ साचू नये म्हणून थोड्या उघडल्या. दोन बोटं. तीच दोन बोटं, आई.

अर्ध्या तासाचा रस्ता. मी कॅनडात एवढी सांभाळून गाडी पहिल्या बर्फातसुद्धा चालवली नाही. गाडीभर तुमचा वास होता. खरंच तुमचा, कांदा, तेल आणि माझं जुनं जॅकेट. एका सिग्नलला हिरवा दिवा लागून गेला तरी मी तसाच बसून होतो. केतकी म्हणाली, "चल ना, गार होतील," आणि मग आम्ही दोघंही एकदम हसलो, इतके की जाळी हलली.

लीडियानं आम्हाला लांबूनच पाहिलं. ती आमच्या मागे बघत होती. "व्हेअर इज ग्रँडमा?"

केतकीनं सांगितलं. लीडियानं गॅस बारीक केला, हात एप्रनला पुसले, बाहेर आली आणि केतकीचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली.  रांगेत सात-आठ माणसं होती, तीही थांबली. मग तिची नजर जाळीवर गेली.

तिनं एक उचललं. मला तो क्षण सहन होईना, मी खाली बघत होतो.  तिनं ते कानाजवळ नेलं आणि मोडलं.

आई, आवाज आला! असा आला की रांगेतल्या पहिल्या माणसानं "ओ बॉय" म्हटलं. लीडिया एकदम थांबली. तिनं अर्धं खाल्लं. मी वाट बघत होतो की दुसरं अर्धं ती जाळीवर परत ठेवेल. ठेवलं नाही. तेही खाल्लं, डोळे मिटून, शांतपणे, बोटाला लागलेला चुरासुद्धा. मग तिनं दुसरं उचललं. तेही अख्खं. केतकी माझा दंड एवढा दाबत होती की तिथे अजून निळं आहे.

जिंकलात, आई. एक नाही, दोन. तीन वर्षांपूर्वीच जिंकला होतात, निकाल आत्ता लागला. उरलेली आम्ही रांगेत वाटली, आणि लोकांनी लीडियाच्या स्टॉलसमोर उभं राहून तुमची फ्रिटर खाल्ली. तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. तीच एकेकाला सांगत होती, "टेक वन. धिस इज ग्रँडमाज."

निघताना तिनं मला थांबवलं. पिवळ्या पिठाची एक कागदी पिशवी माझ्या हातात दिली, आणि माझ्या बाहीवर उडालेलं पीठ, बोटावरचा तेलाचा चटका बघत विचारलं, "सो यू आर द कुक नाऊ?"

"नो, नो," मी म्हणालो. "शी इज द कुक. आय ॲम द ड्रायव्हर."